कुणीच न पाडलेली भोकं

तुमच्या घरी, शाळेत किंवा समोरच्या नव्या इमारतीत ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या असणारच. त्यातली एखादी तपकिरी चौकट गाठा आणि पार नाक टेकवून बघा. दोन प्रकार सापडतील. एका प्रकारात रंग जाड आणि सपाट बसलेला असतो, खाली धातू आहे की लाकूड हेही कळत नाही. तो खराखुरा रंग आहे, पूड फवारून भट्टीत भाजलेला. दुसऱ्या प्रकारात मात्र तपकिरीच्या आतून धातूची चमक दिसत राहते, धातूवरच्या बारीक उभ्या रेघासुद्धा दिसतात. नखाने खरवडलं तरी काही निघत नाही. आपल्याला हवी आहे ती ही दुसरी.

कारण तिला तपकिरी रंग कुणी लावलेलाच नाही! तिच्या पृष्ठभागात प्रचंड संख्येने भोकं आहेत. ती इतकी बारीक आहेत की शाळेतल्या सूक्ष्मदर्शकातूनही दिसायची नाहीत. त्या भोकांच्या तळाशी कथिलाच्या इवल्या इवल्या दांड्या बसल्या आहेत. (निकेल किंवा कोबाल्ट वापरणारे कारखानेही असतात.) या दांड्या आत शिरलेला काही प्रकाश गिळतात, उरलेला परत फेकतात आणि आपल्याला तपकिरी दिसतं. कथिल थोडं भरलं तर फिकट सोनेरी, जास्त भरलं तर तपकिरी आणि अजून भरलं तर थेट काळं. कारखान्यात तपकिरी रंगाचा डबा नसतोच. कथिलाच्या द्रावणातून किती वेळ वीज सोडायची, एवढंच ठरवायचं.

मग प्रश्न येतो, ही भोकं पाडली कुणी? एवढी बारीक ड्रिल कुठे मिळते?

कुठेच मिळत नाही. भोकं कुणी पाडलेलीच नाहीत, ती आपली आपण पडली आहेत. तीही वेडीवाकडी नाहीत, बऱ्यापैकी रांगेत, एकमेकांपासून जवळजवळ सारख्या अंतरावर. मला विचाराल तर सगळ्या नॅनोविज्ञानात याच्याइतकी गमतीची गोष्ट क्वचितच असेल, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

त्याआधी एक प्रयोग करून टाका. टॉर्चचे दोन सेल, टॉर्चचा छोटा बल्ब आणि वायरचे तीन तुकडे घ्या. साधं मंडल जोडा, पण एका ठिकाणी ते तुटलेलं ठेवा. त्या तुटलेल्या जागेची दोन टोकं पोळ्या गुंडाळतात त्या ॲल्युमिनियमच्या कागदावर टेकवा. बल्ब लागेल, कारण ॲल्युमिनियम विजेचा उत्तम वाहक. आता तीच दोन टोकं त्या चमकत्या तपकिरी चौकटीवर टेकवा. बल्ब ढिम्म! दोन्हीकडे ॲल्युमिनियमच आहे, मग असं का? (सेलच वापरायचे हं. भिंतीतल्या प्लगच्या वाटेला जायचं नाही.)

चौकटीवर ॲल्युमिनियम ऑक्साइडचा थर आहे आणि त्यातून वीज जात नाही, हे त्याचं उत्तर. ॲल्युमिनियम आणि ऑक्सिजन यांची दोस्ती फार घट्ट. उघड्या ॲल्युमिनियमला हवा लागली की त्यावर लगेच ऑक्साइडचा पापुद्रा चढतो. लोखंडाच्या गंजासारखा तो सुटून पडत नाही, घट्ट चिकटून खालच्या धातूचं रक्षण करतो. स्वयंपाकघरातल्या कागदावरही तो असतो. पण तो जेमतेम दोन-चार नॅनोमीटर जाड, वायरच्या टोकाने सहज फाटणारा, म्हणून बल्ब लागला. चौकटीवरचा थर त्याच्या हजारो पट जाड असतो. तो नुसत्या हवेने चढत नाही, विजेच्या मदतीने मुद्दाम चढवावा लागतो. जाता जाता एक सांगून ठेवतो, माणिक आणि नीलम ही रत्नंसुद्धा ॲल्युमिनियम ऑक्साइडचीच. त्यांच्यात अणूंची शिस्तशीर मांडणी होऊन स्फटिक बनलेला असतो आणि इतर धातूंच्या किंचित भेसळीने रंग आलेला असतो, एवढाच फरक.

नॅनोमीटर म्हणजे किती तेही बघून घेऊ. पट्टीवरचा एक मिलिमीटर घ्या आणि त्याचे दहा लाख भाग करा. त्यातला एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. तुमच्या डोक्यावरच्या केसाची जाडी साधारण 80 हजार नॅनोमीटर असते.

आता भोकांकडे वळू. एका भांड्यात पाणी आणि थोडं आम्ल घ्यायचं, त्यात ॲल्युमिनियमचा पत्रा बुडवायचा आणि तो विजेच्या धन टोकाला जोडायचा. ऋण टोकाला दुसरा एखादा धातू चालतो. वीज सुरू झाली की पाण्यातला ऑक्सिजन ॲल्युमिनियमकडे खेचला जातो आणि पत्र्यावर ऑक्साइडचा थर वाढू लागतो. इथपर्यंत सरळ आहे. पण भांड्यात आम्लही आहे, आणि ते हा थर विरघळवायला टपलेलं असतं. एकीकडे थर बनतोय, दुसरीकडे विरघळतोय, अशी ओढाताण चालू होते.

कोणताही पृष्ठभाग अगदी सपाट नसतो. कुठे तरी थर अंमळ पातळ असतो. विजेचा जोर नेमका त्या पातळ जागी एकवटतो आणि तिथला थर जास्त भराभर विरघळतो. म्हणजे तिथे खळगा पडतो. खळग्याच्या तळाशी थर पुन्हा पातळच राहतो, म्हणून विजेचा जोर पुन्हा तिथेच. खळगा खोल होतो आणि त्याचं भोक होतं. भोक खाली खाली जात राहतं आणि त्याच्या बाजूंच्या भिंती उंच होत जातात. तळाशी मात्र ऑक्साइडचा एक पातळ पडदा कायम राहतो, कारण वरून जेवढा विरघळतो तेवढाच खालून नवा बनतो.

आणि शिस्त कुठून आली? ऑक्साइडला मूळ धातूपेक्षा जास्त जागा लागते. प्रत्येक भोकाभोवती नवा ऑक्साइड तयार होताना फुगतो आणि शेजाऱ्याला ढकलतो. शेजारीही ढकलतोच. सगळ्यांनी सगळ्यांना सारखंच ढकललं की शेवटी प्रत्येक भोक आपल्या सहा शेजाऱ्यांपासून सारख्या अंतरावर येऊन थांबतं. वरून पाहिलं तर मधाच्या पोळ्यासारखी षटकोनी घरं, प्रत्येक घराच्या मधोमध एक गोल भोक. हवं तर एक रुपयाची नाणी टेबलावर अगदी खेटून मांडून बघा. मधल्या प्रत्येक नाण्याला बरोबर सहा शेजारी मिळतात.

भोक नेमकं कशाने वाढतं, विरघळण्याने की ढकलाढकलीने, यावर शास्त्रज्ञांचे वाद बरेच रंगले. इंग्लंडमधल्या मँचेस्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी 2006 साली एक नामी युक्ती केली. ॲल्युमिनियमच्या आत त्यांनी टंगस्टन असलेला एक पातळ थर खूण म्हणून घालून ठेवला आणि भोकं त्या थरापर्यंत पोचू दिली. नुसतंच विरघळणं चालू असतं तर भोकाच्या तळाशी टंगस्टनची खूण आधी वर आली असती. झालं उलटंच. तळाखालची खूण मागे रेंगाळली आणि भिंतींतली खूण वर सरकली. म्हणजे तळाशी बनलेला कडक ऑक्साइड चक्क बाजूला सरकत भिंतींमध्ये चढत होता! कठीण पदार्थ असा हळूहळू वाहतो हे आधी अनेकांना पटेना.

हे सगळं कळायच्या कितीतरी आधी ही भोकं कामाला लागली होती. 1923 साली इंग्लंडमध्ये बेंगफ आणि स्टुअर्ट यांनी ॲल्युमिनियमवर विजेने जाड ऑक्साइड चढवायची पद्धत काढली. समुद्रावर उतरणाऱ्या विमानांचे भाग खाऱ्या पाण्याने खराब होत, त्यावर त्यांना उपाय हवा होता. नॅनो वगैरे शब्द तेव्हा कुणाच्या गावी नव्हते. थराच्या पोटात काय आहे ते नीट दिसलं 1953 साली, अमेरिकेत. अल्कोआ या ॲल्युमिनियम कंपनीतल्या केलर, हंटर आणि रॉबिन्सन या तिघांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तर ही षटकोनी घरं! तीस वर्षं कारखाने विमानांचे भाग याच पद्धतीने तयार करत होते आणि आपण पोळं बनवतोय हे त्यांना ठाऊकच नव्हतं.

पण कारखान्यातली भोकं तशी गबाळी असतात. अगदी काटेकोर रांगा मिळवून दाखवल्या जपानमध्ये, टोकियो मेट्रोपॉलिटन विद्यापीठाच्या हिदेकी मासुदा यांनी. केंजी फुकुदा यांच्याबरोबर त्यांनी 1995 साली ‘सायन्स’ या नियतकालिकात एक लेख लिहिला आणि या विषयात एकदम झुंबड उडाली.

मासुदांच्या लक्षात आलं की भोकं सुरुवातीला गोंधळातच असतात. पत्र्यावर जिथे जमेल तिथे ती सुरू होतात. ढकलाढकली होऊन रांग लागायला वेळ जातो, आणि तोपर्यंत ती बरीच खोल गेलेली असतात. म्हणजे थराच्या वरच्या तोंडाशी गोंधळ आणि तळाशी शिस्त. आता गंमत ऐका. आधी कित्येक तास भोकं वाढू द्यायची आणि मग एवढ्या मेहनतीने चढवलेला तो अख्खा ऑक्साइड विरघळवून टाकायचा! खाली उरतं उघडं ॲल्युमिनियम, पण आता ते सपाट नाही. प्रत्येक भोकाच्या गोल बुडाचा एक खळगा त्याच्यावर उमटलेला आहे, आणि हे खळगे शिस्तीत आहेत. तोच पत्रा पुन्हा आम्लात बुडवून वीज सुरू केली की नवी भोकं त्या खळग्यांतूनच सुरू होतात, म्हणजे पहिल्या क्षणापासून रांगेत. ही दोन टप्प्यांची युक्ती मासुदांनी 1996 साली मांडली. आज जगभरच्या प्रयोगशाळांत मुलंमुली पीएच.डी.च्या पहिल्या वर्षात हेच शिकतात, आणि पहिला थर टाकून देताना त्यांचा जीव थोडा वरखाली होतोच.

दोन भोकांत किती अंतर हवं हेही आपल्या हातात आहे. हिशोब ढोबळ पण सोपा, दर व्होल्टमागे अडीच नॅनोमीटर. 40 व्होल्ट दिले की अंतर 100 नॅनोमीटर. पण प्रत्येक आम्लाचा एक आवडता व्होल्टेज असतो, त्यालाच रांगा छान लागतात. सल्फ्युरिक आम्लाला 25 व्होल्ट, फॉस्फरिक आम्लाला 195 व्होल्ट. 40 व्होल्टवाल्याचं नाव ऑक्झॅलिक आम्ल, आणि त्याच्याशी तुमची ओळख आहे. अळूची भाजी नीट शिजली नाही की घसा खाजतो ना? त्यामागे याच आम्लाच्या कॅल्शियमच्या क्षाराचे सुईसारखे स्फटिक असतात. आजी अळूत चिंच घालते ती याच खाजेसाठी.

तर 100 नॅनोमीटर अंतराच्या या भोकांचा हिशोब करू. नखाएवढ्या जागेत, म्हणजे एका चौरस सेंटिमीटरमध्ये, ती किती बसतील? अकराशे कोटींहून जास्त! साऱ्या पृथ्वीवरच्या प्रत्येक माणसाला एकेक भोक वाटलं तरी तीनशे कोटी शिल्लक राहतील.

आता खरी मजा. भोकं तयार आहेत, तर त्यांचा साचा करू. कुल्फी आठवा. उभा निमुळता साचा, त्यात आटवलेलं दूध भरायचं, गोठवायचं आणि बाहेर काढायचं. इथेही तसंच, फक्त दोन फरक आहेत. कुल्फीवाला साचा धुऊन पुन्हा वापरतो, इथे साचाच विरघळवून टाकतात. आणि कुल्फी वरून भरतात, इथे भरणं खालून वर होतं.

ते असं. आधी पत्र्याचं उरलेलं ॲल्युमिनियम ताम्राच्या क्लोराइडने खाऊन टाकायचं, मग भोकांच्या तळाचे पडदे फॉस्फरिक आम्लाने उघडायचे. हातात येते आरपार भोकांची एक चकती. प्रयोगशाळांत गाळणी म्हणून अशा चकत्या तयार विकतसुद्धा मिळतात, 60 मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे हजार नॅनोमीटर) जाड, म्हणजे केसापेक्षाही पातळ. चकती कोरडी असताना पांढुरकी दिसते, पाण्यात ओली केली की जवळजवळ पारदर्शक होते आणि टेबलावर शोधावी लागते. चिमट्याने उचलताना जरा जोर झाला की टिचलीच.

तिच्या एका बाजूला सोन्याचा किंवा चांदीचा पातळ मुलामा द्यायचा. त्यामुळे सगळ्या भोकांना एका बाजूने बूड मिळतं आणि त्या बुडाला वीज जोडता येते. मग चकती निकेलच्या क्षाराच्या द्रावणात ठेवायची, मुलामा ऋण टोकाला. निकेलचे धन आयन भोकांत शिरून बुडावर बसतात, धातू होतात, आणि प्रत्येक भोकात एक दांडी वर वर चढू लागते. दांडी किती लांब हवी ते किती वेळ वीज दिली यावर ठरतं. शेवटी चकती कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात टाकली की ऑक्साइड विरघळतो आणि निकेलला काही होत नाही. उरतं धातूच्या तारांचं रान, एका चौरस सेंटिमीटरवर शेकडो कोटी तारा, सगळ्या सारख्या जाडीच्या आणि सारख्या अंतरावर उभ्या.

तारा फार लांब ठेवल्या तर मात्र फजिती होते. द्रावणात असताना त्या छान उभ्या असतात. सुकायला लागल्या की शेवटचं पाणी तारांच्या शेंड्यांमध्ये अडकतं, त्याचा पृष्ठताण शेंड्यांना एकत्र ओढतो आणि दहा-वीस तारा एकमेकींवर मान टाकून झुबके करून बसतात. आंघोळीनंतर ओल्या केसांच्या बटा होतात त्याचं कारण तेच.

निकेलच्या जागी सोनं भरलं तर? अमेरिकेतल्या कोलोरॅडो स्टेट विद्यापीठात चार्ल्स मार्टिन यांच्या गटाने 1990च्या दशकाच्या सुरुवातीला अशा साच्यांत सोन्याच्या बारीक दांड्या वाढवल्या. त्या साच्यातच ठेवून पाहिल्या तर चकती पिवळी नाही, लाल-जांभळी! सोन्याचे इतके बारीक तुकडे प्रकाशाशी वेगळेच वागतात. दांडीची लांबी-जाडी बदलली की रंगही बदलतो.

भरण खालून वर होतं, याचा एक सुंदर फायदा पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी उठवला. थोडा वेळ सोन्याचं द्रावण, मग ते काढून चांदीचं, मग पुन्हा सोन्याचं. साच्यातून बाहेर आल्या त्या पट्ट्यापट्ट्यांच्या दांड्या! बिस्किटाच्या पुड्यावर बारकोड असतो ना, तसा प्रत्येक दांडीवर तिचा स्वतःचा बारकोड. 2001 साली हे काम ‘सायन्स’मध्ये आलं. आणि हा बारकोड वाचायचा कसा? निळा प्रकाश टाकायचा. सोनं निळा प्रकाश गिळतं, म्हणून तर ते पिवळं दिसतं. चांदी तो परतवते. म्हणून सूक्ष्मदर्शकाखाली चांदीच्या पट्ट्या लखलखतात आणि सोन्याच्या काळ्या पडतात. वेगवेगळ्या बारकोडच्या दांड्यांवर वेगवेगळी रेणूंची जाळी बसवली की एकाच थेंबात अनेक गोष्टींची चाचणी करता येते. जाळ्यात काही अडकून जी दांडी चमकली तिचा बारकोड वाचायचा.

पण माझ्या सगळ्यात आवडत्या दांड्या 2004 सालच्या. त्याच विद्यापीठात आयुष्मान सेन, थॉमस मॅलुक आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी अर्धी सोन्याची आणि अर्धी प्लॅटिनमची अशी दांडी याच साच्यात वाढवली. लांबी दोन मायक्रॉन, जाडी 370 नॅनोमीटर. अशा दांड्या त्यांनी हायड्रोजन पेरॉक्साइडच्या पातळ द्रावणात सोडल्या. जखम धुताना फेस येतो ते औषध आठवतंय? तेच. आणि दांड्या पोहू लागल्या! ना मोटर, ना पंखा, तरी सेकंदाला स्वतःच्या लांबीच्या दहा पटींपर्यंत. तुमची उंची 1.4 मीटर धरली तर तुम्हाला त्या हिशोबाने सेकंदाला 14 मीटर पळावं लागेल. उसेन बोल्टने 100 मीटर 9.58 सेकंदांत पळून विक्रम केला तेव्हा त्याची सरासरी होती सेकंदाला साडेदहा मीटरच्या आत.

आता जरा डोकं चालवा. प्लॅटिनमवर पेरॉक्साइड फुटतं आणि ऑक्सिजन निघतो. म्हणजे बुडबुड्यांचा धक्का प्लॅटिनमच्या टोकाला बसणार आणि दांडी सोन्याच्या दिशेने पळणार, बरोबर? संशोधकांनी सूक्ष्मदर्शकात पाहिलं तर दांड्या नेमक्या उलट्या, प्लॅटिनम पुढे करून पळत होत्या!

ही उलटी चाल उलगडायला पुढे आणखी प्रयोग लागले. प्लॅटिनमच्या टोकाला पेरॉक्साइड तुटताना इलेक्ट्रॉन सुटतात आणि दांडीच्या आतून सोन्याच्या टोकाकडे धावतात. तिथे ते आणखी पेरॉक्साइडला मिळून त्याचं पाणी करतात. त्याच वेळी प्लॅटिनमपाशी सुटलेले हायड्रोजनचे आयन बाहेरून, दांडीच्या अंगाला लागून, सोन्याकडे निघतात आणि लगतचं पाणी सोबत ओढतात. पाणी मागे गेलं की दांडी पुढे. म्हणजे ही दांडी स्वतःच एक चिमुकला सेल आहे आणि स्वतःच्याच विजेवर पोहते.

अशा बातम्या आल्या की वर्तमानपत्रांत लगेच ‘रक्तात पोहणारे यंत्रमानव’ असा मथळा झळकतो. तो वाचलात तर दोन गोष्टी ध्यानात ठेवा. या दांडीला पेरॉक्साइड लागतं, आणि तिला पोहायला पुरेल एवढं पेरॉक्साइड रक्तात गेलं तर माणसाचं काही खरं नाही. शिवाय द्रावणात मीठ वाढलं की तिचा वेग पडतो, आणि आपलं रक्त तर खारट. म्हणून आता ध्वनिलहरींनी किंवा चुंबकाने हलणाऱ्या दांड्या करून बघताहेत. त्यांतल्याही बऱ्याच याच साच्यातून निघतात.